खेळ कुणी थांबवायचा?

२३ मे १९९९ची रात्र. अमेरिकेतल्या मिसुरी राज्यात, कॅन्सस सिटीच्या केम्पर अरीनात वर्ल्ड रेसलिंग फेडरेशन (डब्ल्यूडब्ल्यूएफ) या कंपनीचा ‘ओव्हर द एज’ हा कार्यक्रम चालू होता. आत १६ हजारांहून अधिक प्रेक्षक होते. जादा पैसे मोजून घरी थेट प्रक्षेपण पाहणारे वेगळेच. ओवेन हार्ट हा ३४ वर्षांचा कॅनेडियन मल्ल निळा मुखवटा आणि केप घालून छताजवळच्या अरुंद पुलावर उभा होता. दोराला लटकत त्याला थेट रिंगमध्ये उतरायचे होते. अंगावरचा पट्टा आणि दोर यांना जोडणारी कडी अवेळी उघडली. तो ७८ फुटांवरून, म्हणजे सहा-सात मजल्यांच्या उंचीवरून कोसळला. छाती रिंगच्या सर्वांत वरच्या दोरावर आदळली आणि तो आत फेकला गेला.

घरी बसलेल्यांना हे दिसले नाही. त्या क्षणी पडद्यावर त्याचीच आधी चित्रित केलेली मुलाखत दाखवली जात होती. सभागृहातल्या अनेकांना वाटले, वरून एखादा पुतळा टाकला असावा. समालोचक जेरी लॉलर खुर्ची सोडून रिंगकडे धावले. दुसरे समालोचक जिम रॉस यांनी प्रेक्षकांना स्पष्ट सांगितले की हे नाटक नाही, कार्यक्रमाचा भाग नाही. वैद्यकीय पथकाने रिंगमध्येच छाती दाबून पाहिली, मग स्ट्रेचरवरून ओवेनला बाहेर नेले. ट्रुमन मेडिकल सेंटरमध्ये त्याला मृत घोषित करण्यात आले. छातीला बसलेल्या जबर माराने मुख्य रक्तवाहिनी फाटली होती.

इकडे कार्यक्रम पुन्हा सुरू झाला होता. ज्या रिंगमध्ये ओवेन पडला, त्याच रिंगमध्ये त्याचे सहकारी ठरलेल्या क्रमाने उतरले आणि ठरलेले डाव खेळले. तासाभराने रॉस यांनी टीव्हीच्या प्रेक्षकांना मृत्यूची बातमी दिली. समोर बसलेल्या हजारोंना मात्र कुणीच काही सांगितले नाही. रात्रीची शेवटची लढत अंडरटेकर आणि स्टीव्ह ऑस्टिन यांच्यात झाली, विजेतेपदाचा पट्टा एकाच्या कमरेवरून दुसऱ्याच्या कमरेवर गेला आणि लोक घरी गेले.

या रात्रीबद्दल बोलताना दोन प्रश्न नेहमी वेगवेगळे केले जातात. अपघात का झाला, हा एक. अपघातानंतर कार्यक्रम का थांबला नाही, हा दुसरा. पहिला तंत्रज्ञांकडे आणि वकिलांकडे सोपवला जातो, दुसरा सभ्यतेचा मानला जातो. प्रत्यक्षात दोन्ही निर्णयांची मुळे एकाच जागी आहेत. माणसाच्या जिवापेक्षा कार्यक्रमाच्या वेळापत्रकाला जास्त वजन दिले की चुकीची कडी निवडली जाते, आणि त्याच हिशोबाने नंतर रिंग झाडून पुढची जोडी आत पाठवली जाते. म्हणूनच खेळ थांबवण्याचा अधिकार कुणाच्या हातात असावा, हे खेळ सुरू होण्याच्या आधीच ठरलेले हवे.

आपल्याकडे नव्वदच्या दशकात वाढलेल्या मुलांना हा खेळ अनोळखी नव्हता. केबल टीव्हीवर डब्ल्यूडब्ल्यूएफ पाहणे आणि मल्लांच्या उंची-वजनाचे आकडे छापलेले पत्ते घेऊन डाव मांडणे, यात महाराष्ट्रातल्या कितीतरी पोरांच्या सुट्ट्या गेल्या. घरातली मोठी माणसे मात्र नाक मुरडत. कोल्हापूरच्या खासबाग मैदानात लाल मातीतली कुस्ती पाहिलेल्यांच्या लेखी ही निव्वळ नूरा कुस्ती होती. त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. या लढतींचा निकाल आधी ठरतो, वैरही लिहून दिलेले असते. पण उंचावरून अंग झोकून देणे, मानेवर भार घेणे, खुर्चीचा फटका खाणे हे खरेच घडते. ‘सगळे खोटेच असते’ या समजुतीने या मल्लांचे मोठे नुकसान केले आहे, कारण मग त्यांच्या सुरक्षिततेचा विचारही कुणाला गंभीरपणे करावासा वाटत नाही.

ओवेन हार्ट काही कालपरवा या धंद्यात आलेला हौशी पोरगा नव्हता. कॅनडातल्या कॅलगरी शहरात स्टू हार्ट यांच्या घरी तो जन्मला, बारा भावंडांत सर्वांत धाकटा. वडील ‘स्टॅम्पीड रेसलिंग’ चालवत आणि घराच्या तळघरात मल्ल घडवत. त्या तळघराला ‘डंजन’ म्हणत आणि तिथल्या मेहनतीची जगभरच्या मल्लांत ख्याती होती. थोरला भाऊ ब्रेट हा जगज्जेता. मार्च १९९४मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये ‘रेसलमेनिया’च्या पहिल्याच लढतीत या दोन भावांची गाठ पडली आणि धाकट्याने थोरल्याला चीत केले. ती लढत जाणकार आजही आवर्जून पाहतात. दोराशिवाय, मुखवट्याशिवाय, छतावरून उतरल्याशिवाय हा माणूस लोकांना खिळवून ठेवू शकत होता.

मग त्याला छतावर का चढवले? १९९७च्या अखेरीस ब्रेटने मॉन्ट्रियलमधल्या एका लढतीवरून झालेल्या वादानंतर कंपनी सोडली. ओवेन करारामुळे मागे राहिला. तेव्हा टेड टर्नर यांच्या डब्ल्यूसीडब्ल्यू या कुस्ती कंपनीशी डब्ल्यूडब्ल्यूएफची दर सोमवारी टीव्हीवर जीवघेणी स्पर्धा चालू होती आणि कथानके दिवसेंदिवस भडक होत होती. घरसंसार सांभाळणाऱ्या ओवेनला एका विवाहबाह्य प्रेमप्रकरणाचे कथानक देऊ करण्यात आले आणि त्याने ते नाकारले, असे त्याची पत्नी मार्था सांगतात. त्यानंतर त्याच्या वाट्याला ‘ब्लू ब्लेझर’ हे जुने विनोदी पात्र पुन्हा आले. स्वतःला महानायक समजणारा, लोकांना सदाचाराचे धडे देणारा आणि दर वेळी फजिती होणारा. त्या रात्री त्याने रिंगजवळ येताना दोरात अडकल्यासारखे करायचे, मग स्वतःच कडी सोडून तोंडावर आपटायचे आणि लोकांनी हसायचे, असे ठरले होते.

या एका हशासाठी झटकन उघडणारी कडी हवी होती. वापरली गेली ती शिडाच्या बोटींवर वापरतात त्या प्रकारची. बोटीवर शीड चटकन मोकळे करावे लागते, म्हणून थोड्याशा ओढीने उघडणे हा तिथे तिचा गुण. माणसाला ७८ फुटांवर टांगताना हाच गुण प्राणघातक ठरतो. माणसाला हवेत लटकवणाऱ्या कुठल्याही कामात एक आधार सुटला तर दुसरा त्याला धरून ठेवेल, अशी व्यवस्था असते. इमारतीच्या काचा धुणाऱ्या मजुरालाही ती मिळायला हवी, असा नियम आहे. ओवेनला दुसरा दोर नव्हता. दुसरा दोर असता तर सुटायला वेळ लागला असता आणि विनोदाची वेळ चुकली असती.

मार्था यांनी कंपनीला आणि या व्यवस्थेशी संबंधित इतरांना मिसुरीतल्या न्यायालयात खेचले. नोव्हेंबर २०००मध्ये कंपनीने सुमारे १ कोटी ८० लाख डॉलर देऊन तडजोड केली. त्यातला काही भाग मार्था यांनी ओवेनच्या नावाच्या प्रतिष्ठानाला दिला; त्यातून गरजू मुलांच्या शिक्षणाला मदत होते. फौजदारी खटला कुणावरही उभा राहिला नाही. तडजोड झाल्यामुळे भर न्यायालयात साक्षीपुरावे तपासले जाऊन निकाल लागण्याची वेळही आली नाही. पैशाने घर सावरले असेल, पण पुढच्या माणसाच्या उपयोगी पडेल असा निवाडा या प्रकरणातून निघाला नाही. हे नुकसान सगळ्यांचे आहे.

कार्यक्रम चालू ठेवण्याच्या बाजूने काही युक्तिवाद होतात आणि ते ऐकून घ्यायला हवेत. पहिला गर्दीचा. अचानक थांबवले तर हजारो लोक बिथरतील. या भीतीला आधार आहे. २९ मे १९८५ रोजी ब्रसेल्सच्या हेझेल स्टेडियममध्ये युव्हेंटस आणि लिव्हरपूल यांच्यातल्या युरोपियन चषकाच्या अंतिम सामन्याआधी चेंगराचेंगरीत आणि भिंत कोसळून ३९ माणसे मेली. तरीही सामना खेळवला गेला, कारण दोन्ही बाजूंचे संतप्त जमाव एकदम रस्त्यावर सोडले तर आणखी रक्तपात होईल, असे अधिकाऱ्यांना वाटले. तो निर्णय आजही अनेकांना पटत नाही, पण त्यामागे जीव वाचवण्याचा काहीतरी विचार होता. कॅन्सस सिटीत मारामारीला टपलेले जमाव नव्हते. तिकीट काढून आलेली, मुलाबाळांना घेऊन आलेली माणसे होती. समोर एक माणूस पडलेला त्यांनी पाहिला होता. त्यांना खरे सांगून शांतपणे घरी पाठवणे अशक्य नव्हते.

दुसरा युक्तिवाद असा की ओवेन हाडाचा कलावंत होता, त्यालाही कार्यक्रम चालू राहावा असेच वाटले असते. मेलेल्या माणसाच्या नावाने असे काहीही म्हणता येते, कारण तो येऊन नाही म्हणणार नसतो. त्याच्या पत्नीने मात्र उघडपणे आणि वारंवार नाही म्हटले आहे. कंपनीच्या ‘हॉल ऑफ फेम’मध्ये ओवेनचे नाव घालायला त्यांनी आजवर संमती दिलेली नाही. ज्या दुसऱ्या कंपनीबरोबर त्यांनी ओवेनच्या नावाची स्पर्धा सुरू केली, त्या ऑल एलीट रेसलिंगच्या २०२२च्या पहिल्या विजेत्यांचा गौरव करायला त्या स्वतः लास व्हेगासला रिंगमध्ये उभ्या राहिल्या. त्यांचा राग कुस्तीवर कधीच नव्हता.

तिसरा युक्तिवाद वेळेचा. थेट प्रक्षेपणात विचार करायला सवड कुठे असते? याचे उत्तर इतर मैदानांनी दिले आहे.

२५ नोव्हेंबर २०१४ रोजी सिडनीत शेफिल्ड शील्डच्या क्रिकेट सामन्यात फलंदाज फिलिप ह्यूजच्या मानेवर चेंडू लागला. सामना तिथेच सोडून देण्यात आला. त्या फेरीतले इतर सामनेही रद्द झाले. दोन दिवसांनी ह्यूज गेला. तेव्हा भारतीय संघ ऑस्ट्रेलियातच होता. ब्रिस्बेनला ठरलेली पहिली कसोटी पुढे ढकलून मालिका ९ डिसेंबरला ॲडलेडला सुरू झाली. वेळापत्रक, तिकिटे, प्रक्षेपणाचे करार हे सगळे तिथेही होतेच. ते बदलले आणि काही बिघडले नाही. पुढे हेल्मेटमागचे मानेचे संरक्षक कवच रूढ झाले. एका मृत्यूतून नियम जन्माला आले.

दुसरे उदाहरण २ जानेवारी २०२३चे. सिनसिनाटीत अमेरिकन फुटबॉलच्या सामन्यात बफेलो संघाचा डामर हॅमलिन टक्कर झाल्यानंतर उठला आणि लगेच कोसळला. हृदय बंद पडले होते. मैदानावरच्या पथकाने काही मिनिटांत त्याच्या छातीवर दाब द्यायला सुरुवात केली, कारण असा प्रसंग आला तर कोणी काय करायचे हे आधी लिहून ठेवलेले आणि घोकलेले होते. दोन्ही संघांच्या प्रशिक्षकांनी एकमेकांशी बोलून खेळाडूंना आत नेले. कोट्यवधी लोक पाहत असलेला तो सामना त्या रात्री झाला नाही आणि नंतरही झाला नाही. हॅमलिन वाचला, पुन्हा खेळला.

या दोन्ही ठिकाणी खेळाडूंच्या मागे उभ्या संघटना होत्या. खेळाडूंनी एकत्र येऊन आम्ही उतरणार नाही म्हटले तर मालकांना ऐकावे लागते, हे सगळ्यांना ठाऊक होते. अमेरिकेतल्या व्यावसायिक मल्लांना आजही हे बळ नाही. कंपनीच्या कागदावर ते कर्मचारी नसून स्वतंत्र कंत्राटदार असतात. १९८६मध्ये जेसी व्हेंचुराने ‘रेसलमेनिया २’च्या तोंडावर मल्लांची संघटना बांधण्याचा प्रयत्न केला. ही खबर हल्क होगनने मालकापर्यंत पोचवली, हे पुढे एका खटल्यातल्या जबानीत बाहेर आले. संघटना झाली नाही. तेरा वर्षांनी केम्पर अरीनाच्या पडद्यामागे मित्राचे शव रुग्णालयात असताना रिंगमध्ये जायचे की नाही, हे ज्यांना ठरवावे लागले, त्यांच्यातल्या प्रत्येकाला ते एकट्याने ठरवावे लागले. त्यांना दोष देणे सोपे आहे आणि अन्यायाचे आहे. ज्याची पुढच्या महिन्याची कमाई मालकाच्या हातात आहे, तो त्या मालकाला नाही कसे म्हणणार? छतावर चढण्याआधी ओवेनपुढेही हाच प्रश्न होता.

खोट्या आणि खऱ्याची सरमिसळ असलेल्या खेळात थांबवणारा माणूस तर आणखीच गरजेचा असतो. २० मार्च २०१५ रोजी मेक्सिकोतल्या तिहुआनात पेरो आग्वायो ज्युनियर हा मल्ल रे मिस्टीरिओच्या लाथेनंतर दोरांवर ओणवा पडला. मानेला जीवघेणा मार बसला होता. पण निपचित पडणे हा या खेळातल्या अभिनयाचाच भाग असल्याने आसपासच्यांना आधी काही कळले नाही, आणि लढत त्याच्या शेजारीच थोडा वेळ चालू राहिली. काही तासांतच त्याचा मृत्यू झाला. तिथे कुणी निर्दय नव्हते. ज्याचे काम फक्त माणसांकडे पाहण्याचे आहे, असा माणूस रिंगजवळ नव्हता.

हा विषय आपल्यापासून दूर वाटत असेल तर ७ नोव्हेंबर २०१६ आठवावा. बेंगळुरूजवळच्या तिप्पगोंडनहळ्ळी जलाशयात ‘मस्ती गुडी’ या कन्नड चित्रपटासाठी खलनायकांच्या भूमिकेतल्या दोन कलाकारांनी हेलिकॉप्टरमधून उडी मारली आणि दोघे बुडाले. पोहणे नीट येत नाही, हे त्यांतल्या एकाने उडीआधी कॅमेऱ्यासमोर सांगितले होते. अंगावर जीवरक्षक जाकीट नव्हते, वाचवणारी बोट वेळेवर पोचली नाही. त्या जलाशयाच्या काठावर चित्रीकरण पथकातली कितीतरी माणसे उभी होती. ‘जाकिटे येईपर्यंत उडी नाही’ असे म्हणायचा अधिकार त्यांच्यापैकी नेमका कुणाचा होता?

आणि मुंबई-ठाण्याची दहीहंडी. इथे खोटे काहीच नसते. थर खरे, जिद्द खरी आणि पडणेही खरे. २०१२मध्ये ठाण्यात जोगेश्वरीच्या जय जवान पथकाने नऊ थर लावून गिनीज बुकात नोंद केली. २०१४मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने २० फुटांची मर्यादा घातली. २०१६मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. २०१७मध्ये उच्च न्यायालयाने उंचीची मर्यादा काढली आणि १४ वर्षांखालच्या मुलांना थरांवर चढवायला बंदी घातली. सुरक्षेची हमी सरकारने दिली होती. २०२२मध्ये राज्य सरकारने दहीहंडीला साहसी खेळाचा दर्जा दिला आणि गोविंदाच्या मृत्यूसाठी १० लाख रुपयांचे साहाय्य जाहीर केले. ऑगस्ट २०२५मध्ये ठाण्यात कोकण नगरच्या पथकाने दहा थर रचले. त्याच दिवशी मानखुर्दमध्ये हंडीचा दोर बांधताना एक तरुण खाली पडून मरण पावला.

गोविंदा पथकांचा सराव, शिस्त आणि एकमेकांवरचा विश्वास पाहिलेला कुणीही या खेळाला नावे ठेवणार नाही. पण पैसे आयोजकाचे, व्यासपीठ नेत्याचे, निवेदकाच्या हाती ध्वनिक्षेपक, बक्षिसाचा आकडा लाखांत आणि खाली वाट पाहणारी पुढची पथके, अशा वेळी जखमी मुलाला बाहेर काढेपर्यंत पुढचा थर लागणार नाही, हे ठणकावून सांगणारा माणूस कोण? विमा अपघातानंतर कामाला येतो. मदतीचा धनादेश कितीही मोठा असला तरी तो घरच्यांच्या हाती पडतो, पडणाऱ्याला सावरत नाही.

म्हणून मागणी साधी आणि नेमकी आहे. उंचीचा, आगीचा, पाण्याचा किंवा वेगाचा धोका असलेल्या कुठल्याही जाहीर कार्यक्रमाला परवानगी देताना अर्जावर एका माणसाचे नाव असावे. कार्यक्रम थांबवण्याचा अंतिम अधिकार त्याचा. तो आयोजकाचा नोकर नसावा, बक्षिसाशी आणि प्रक्षेपणाशी त्याचा संबंध नसावा आणि त्याने थांबा म्हटल्यावर निवेदकाचा आवाज त्याच क्षणी बंद व्हावा. दोर, पट्टे, कड्या त्याने आदल्या दिवशी तपासून सही करावी. सहभागी होणाऱ्या प्रत्येकाला ऐनवेळी नकार देता यावा आणि त्यामुळे त्याचे मानधन किंवा पुढचे काम बुडू नये. अपघात झालाच तर चौकशीचा अहवाल तडजोडीच्या कागदांखाली न दडपता प्रसिद्ध व्हावा, म्हणजे पुढच्या पथकाला, पुढच्या साहसदृश्य दिग्दर्शकाला त्यातून शिकता येईल.

‘ओव्हर द एज’ हे नाव कंपनीने त्यानंतर कुठल्याही कार्यक्रमाला दिले नाही, आणि त्या रात्रीचे चित्रण कितीतरी वर्षे बाहेर येऊ दिले नाही. नाव पुसणे कंपनीच्या हातात होते आणि तिने ते केले. आपल्याकडे पुढच्या गोपाळकाल्याचे परवाने लिहिले जातील, तेव्हा त्यात एक रकाना वाढवणे पालिका आणि पोलिसांच्या हातात आहे. त्यासाठी नवा कायदा लागत नाही, आणि त्यांनी तो यंदाच वाढवावा.